नोंदीबाहेरची छत्री : मार्केट यार्डातील उपग्रह दूरचित्रवाणीची पहिली वर्षे

भारतातील उपग्रह वाहिन्यांचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक तीन टप्पे सांगतात. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटले आणि मोठ्या हॉटेलांत लोकांनी ते सीएनएनवर घडताना पाहिले. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्हीचे प्रक्षेपण सुरू झाले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही आला. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या वाचताना असे वाटते, की तिकडे हाँगकाँगला कुणीतरी बटण दाबले आणि इकडे गुलटेकडीतल्या दोन खोल्यांच्या घरात चित्र उमटले. तसे काही झाले नाही. उपग्रहापासून गाळ्याच्या छतापर्यंतचे ३६ हजार किलोमीटर चित्र आपले आपण येत होते. छतापासून घरातल्या टीव्हीपर्यंतचे उरलेले दोन-तीनशे मीटर मात्र कुणीतरी शिडी लावून, तार खेचून, हात भाजून घेऊन पार केले. या लेखात मी त्या दोन-तीनशे मीटरांविषयी लिहिणार आहे, आणि तेही पुण्याच्या मार्केट यार्डापुरते.

माझे शिक्षण बारावी आणि त्यापुढे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स, एवढेच. वडील भुसार बाजारातल्या एका गाळ्यावर दिवाणजी होते. १९९१-९२ मध्ये मी एकवीस-बावीस वर्षांचा होतो आणि या छत्र्या उभ्या करणाऱ्या लोकांबरोबर मदतनीस म्हणून हिंडत होतो. पुढे दुरुस्तीचे दुकान चालवले. गेली दहा-बारा वर्षे जुन्या बाजारातून जमवलेली यंत्रे, पावत्या आणि त्या वेळच्या माणसांच्या तोंडी आठवणी यांवर काम करतो आहे. त्यामुळे यात पाहिलेले आणि वाचलेले दोन्ही आहे.

मार्केट यार्ड हे नोंदीचे गाव आहे, हे आधी सांगितले पाहिजे. भवानी पेठ-नाना पेठेतला गूळ-भुसारचा आणि महात्मा फुले मंडईतला घाऊक भाजीपाल्याचा व्यापार टप्प्याटप्प्याने गुलटेकडीला आला, आणि इथे आलेले प्रत्येक पोते निदान तीन ठिकाणी लिहिले जाऊ लागले. फाटकावर आवक, काट्यावर तोलाई, आडत्याकडे हिशेबपट्टी. हमाली किती, तोलाई किती, सगळे आकड्यात. अशा या आवारात आणि त्याच्या भोवती, महर्षिनगरपासून बिबवेवाडीपर्यंत आणि डायस प्लॉटपासून सॅलिसबरी पार्कपर्यंत, तीन-चार वर्षे एक भरभराटीचा धंदा चालला आणि त्याचा एक कागद कुठल्याही कचेरीत नाही. १९९१ ते १९९४ या काळातली छत्री कुणी उभी केली, कुणाच्या छतावर, किती घरांना तार गेली, हे शोधायला गेलात तर हाती येतात फक्त माणसे. आणि ती आता साठी-सत्तरीत आहेत.

'छत्री' हा शब्दही याच माणसांचा. छापील जाहिरातीत 'डिश अँटेना' असे. कारागीर मात्र छत्रीच म्हणत, आणि उलटी धरलेली छत्री डोळ्यांसमोर आणली तर त्याहून नेमका शब्द सापडत नाही.

पुणे जिल्ह्याला अशा छत्र्या नव्या नव्हत्या. नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७१ मध्ये विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. तिथली छत्री जवळजवळ ३० मीटर व्यासाची. परदेशी फोन आणि दूरचित्रवाणीची देवाणघेवाण तिथून होई. पुढे त्याच भागात खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली : ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या, आणि त्यांचा पृष्ठभाग अखंड पत्र्याचा नाही, तर पोलादी तारेच्या जाळीचा. जाळीची भोके कुठे १०, कुठे १५, कुठे २० मिलिमीटर. वारा आरपार जातो, वजन कमी होते, खर्च कमी होतो आणि रेडिओ लहरींना ती जाळी आरशासारखीच वाटते.

जाळीचे हे तत्त्व त्याआधी आपल्या खेड्यांनी पाहिलेले होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत थेट कार्यक्रम दाखवले गेले. 'साइट' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. गावात बसवलेली छत्री सुमारे तीन मीटरची होती आणि तिला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी होती. ती चालली, कारण लहरीची लांबी ३५ सेंटिमीटर होती; भोक त्यामानाने लहान. त्याच सुमारास 'इस्रो'च्या अभियंत्यांनी कोलंबोला आर्थर सी. क्लार्क यांच्या घरी पाच मीटरची एक छत्री बसवून दिली. भूस्थिर उपग्रहावरून दळणवळण करण्याची कल्पना ज्याने १९४५ मध्ये लेख लिहून मांडली, त्याच्या घरावर आपल्या लोकांनी छत्री लावली, हे मला नेहमी सांगावेसे वाटते.

आमच्या वेळी मात्र खुराड्याची जाळी उपयोगाची नव्हती. स्टारचे कार्यक्रम एशियासॅट-१ या उपग्रहावरून सी-बँडमध्ये येत. तिथे लहरीची लांबी साडेसात सेंटिमीटरच्या आसपास. भोके तिच्या दहाव्या हिश्शाहून मोठी झाली की लहर गळायला लागते. म्हणून बारीक भोकांची ॲल्युमिनियमची जाळी लागे. हे गणित आम्हाला कुणी शिकवले नव्हते. पहिल्या छत्रीला जाड भोकांची जाळी लावली होती, चित्रात मुंग्या आल्या, मग बारीक लावली, मुंग्या गेल्या. कारण मला दहा वर्षांनी एका पुस्तकात सापडले.

या एशियासॅट-१ची कुंडली मोठी गमतीची आहे. मुळात तो वेस्टार-६ नावाचा अमेरिकी उपग्रह. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून त्याला सोडले, पण त्याचे इंजिन नीट चालले नाही आणि तो भलत्याच कक्षेत अडकला. नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातल्या अंतराळवीरांनी त्याला अक्षरशः हाताने पकडून पृथ्वीवर परत आणले. दुरुस्त करून, विकून, नवे नाव देऊन ७ एप्रिल १९९० रोजी चिनी अग्निबाणाने तो पुन्हा वर पाठवला गेला. म्हणजे आपण पाहिलेली पहिली परदेशी वाहिनी जुन्या बाजारातल्या दुरुस्त केलेल्या मालावरून आली. दुरुस्तीचे दुकान चालवलेल्या माणसाला या गोष्टीचे समाधान वाटते, ते वाचकांनी समजून घ्यावे.

त्याची जागा विषुववृत्तावर, पूर्व रेखांश १०५.५ अंश. पुण्याहून पाहिले तर तो पूर्वेकडून थोडा दक्षिणेला, उत्तरेपासून मोजल्यास ११७ अंशांवर, आणि क्षितिजापासून ४८ अंश वर. गुलटेकडीच्या गाळ्यावर उभे राहिलो की कोंढव्याच्या अंगाला तोंड करायचे आणि अर्ध्या आकाशाहून किंचित वर पाहायचे. पुण्यात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून फारशी ढळत नाही, त्यामुळे साधे होकायंत्र पुरे. उंचीसाठी शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि त्याला बांधलेला ओळंबा.

आणि इथे यार्डाचा भूगोल कामाला आला. पेठेत वाड्याला वाडा लागून असे. पूर्वेला चार मजली इमारत उभी राहिली की आकाश संपले. यार्डातले गाळे बसके, रांगेत, छते सपाट आणि भक्कम. शेजारी शटर, पत्र्याच्या कोठ्या आणि टेंपोच्या बॉडीचे काम करणाऱ्या वेल्डिंगच्या शेड. ज्या शेठकडे पैसा आणि टेलिफोन होता, त्याच शेठचे छत आणि त्याच्याच शेजारचा वेल्डर. छत्रीला लागणारे सगळे अर्ध्या किलोमीटरच्या आत होते. बाहेरून आणावी लागे ती दोनच वस्तू : छत्रीच्या केंद्रापाशी बसणारा एलएनबी, म्हणजे आलेली क्षीण लहर वाढवून कमी कंप्रतेत आणणारे यंत्र, आणि खाली खोलीत ठेवायचा रिसीव्हर. त्यासाठी मुंबईला लॅमिंग्टन रोडची फेरी. बाकी तार, जोडण्या, वर्धक हे बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळे.

छत्री कशी बनत असे, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण हे ज्ञान आता कुणाला लागत नाही आणि म्हणूनच ते जाईल. आमच्या भागातल्या छत्र्या बहुतेक बारा फुटी. ज्या वेल्डरमामांकडे मी जात असे, ते सातवी शिकलेले. शेडच्या कोब्यावर त्यांनी खडूने पूर्ण मापाचा एक वक्र काढलेला होता. मध्यापासून एक फुटावर उंची पाऊण इंचाला जरा कमी, तीन फुटांवर सहा इंच, सहा फुटांवर दोन फूट. हा पॅराबोला आहे आणि त्याचे केंद्र साडेचार फुटांवर येते, हे मी नंतर समीकरण मांडून ताडून पाहिले. मामांना समीकरण माहीत नव्हते. मुंबईहून आलेली एक तयार छत्री त्यांनी दोरी लावून मोजली होती, आणि ती मापे त्यांना पाठ होती. त्या खडूच्या रेषेवर ठेवून एकेक पट्टी वाकवायची. अशा चोवीस पट्ट्या, त्यांना जोडणारी कडी, वर पाकळ्यांसारखी कापलेली जाळी.

जोडून झाली की परीक्षा. छत्रीच्या काठावर, समोरासमोरच्या टोकांना बांधून, दोन सुतळ्या काटकोनात ताणायच्या. मधोमध त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. अंतर राहिले किंवा एक दुसरीला दाबायला लागली, तर छत्रीला पीळ आहे. सुतळी पोती शिवायची, यार्डात हवी तेवढी पडलेली.

छतावर चढवायला आठ-दहा माणसे लागत, आणि ते काम हमालांचे. पाठीवर शंभर किलोचे पोते घेणाऱ्याला वजनाचे काही वाटत नसे. पण बारा फुटी जाळीत वारा शिरला की ती माणसाला ओढते, याची त्यांना धास्ती वाटे. चार बोल्टांवर खांब उभा राहिला की खरे काम सुरू. टीव्ही छतावरच आणायचा. एकजण छत्रीमागे, एकजण रिसीव्हरवर, एकजण टीव्हीसमोर.

"आलं का?"

"मुंग्या!"

"आता?"

"मुंग्याच! थांब, थांब... कायतरी हललं!"

बारा फुटी छत्रीची नजर फार अरुंद असते, दीड-दोन अंशांची. बोटभर इकडेतिकडे झाले की उपग्रह गायब. मग कंपनाची उभी-आडवी दिशा जुळवायला केंद्रातले नळकांडे फिरवायचे. कधी हे काम तासाभरात होई, कधी दिवस मावळे. चित्र आल्यावर शेठ पेढे आणवत. तिथे उभे असलेल्या कुणाला त्या वाहिनीवरची भाषा कळत नसे, ही गोष्ट वेगळी.

एक गोष्ट मी त्या काळातही टिपून ठेवली होती. दर वर्षी मार्चच्या मध्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी दहाच्या सुमारास काही मिनिटे चित्र जाई आणि नुसता फेस दिसे. काही दिवस हा प्रकार चाले आणि थांबे. लोक केबलवाल्याला शिव्या देत. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि छत्री सूर्याचाच आवाज ऐकत बसते. उलट पावसात या छत्र्या बिनघोर चालत. आजच्या घरगुती डिशला जोराची सर आली की चित्र गोठते, कारण तिची लहर लहान आहे. सी-बँडला पावसाचे काही वाटत नाही. तंत्रज्ञान पुढे गेले की सगळेच सुधारते असे नाही.

इथपर्यंत छत्रीची गोष्ट झाली. पण माझे म्हणणे असे आहे, की आपल्याकडे उपग्रह दूरचित्रवाणी छत्रीमुळे पसरली नाही, तारेमुळे पसरली. आणि तार छत्रीच्या आधीच आलेली होती.

अमेरिकेत काय झाले ते पाहा. १९७६ मध्ये स्टॅनफर्डचे प्राध्यापक टेलर हॉवर्ड यांनी स्वतःच्या घरी छत्री उभारून उपग्रहावरचे कार्यक्रम पकडले. १९७९ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने नुसते ग्रहण करणाऱ्या छत्रीला परवान्याची अट काढून टाकली, आणि ज्याचे अंगण मोठे त्याने आपापली छत्री लावली. एक घर, एक छत्री. जानेवारी १९८६ पासून एचबीओने आपले चित्र सांकेतिक केले आणि छत्र्यांचा खप कोसळला. कारण कंपनीच्या दृष्टीने तो छत्रीवाला फुकट्या होता.

आपल्याकडे १९८२च्या आशियाई स्पर्धांनंतर रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आले. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून एका व्हिडिओवरून पाच-पन्नास घरांना तार ओढून रोज एक-दोन चित्रपट दाखवणारे तरुण शहरोशहरी तयार झाले. महर्षिनगरात आणि बिबवेवाडीच्या सोसायट्यांत अशी जाळी होती. १९९१-९२ मध्ये त्यांनी त्या व्हिडिओशेजारी छत्रीची तार जोडली, एवढेच. स्टारचे चित्र उघडे होते, सांकेतिक नव्हते. त्यांना वर्गणी नको होती, जाहिरातदारांना दाखवायला प्रेक्षक हवे होते. त्यामुळे इथला केबलवाला त्यांना चोर वाटला नाही. तो त्यांचा बिनपगारी वितरक झाला. एका छत्रीखाली दोन-तीनशे घरे आली, म्हणून महिन्याला साठ ते शंभर रुपयांत हे जग परवडले. घरोघरी छत्री लावायची असती, तर शेठच्या बंगल्याबाहेर ती गेलीच नसती.

तारेचा माग काढत गेले की यार्डाचा समाज दिसतो. पहिल्या वर्षी जोडणी घेणारे बहुतेक व्यापारी आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुले. 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' ही नावे त्या मुलांच्या तोंडी असत. घरातल्या बायका त्यावरून नाके मुरडत आणि आवाज बंद करून पाहत. बीबीसीला प्रेक्षक कमी, पण डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येची बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा आणि पुढच्या दंगलींत आमच्या भागातले ज्येष्ठ व्यापारी इंग्रजी न कळताही बीबीसीसमोर बसलेले मी पाहिले आहेत. दूरदर्शनवर जे दिसत नाही ते इथे दिसते, हा विश्वास तेव्हा बसला.

झी आल्यावर चित्र पालटले. सुरुवातीला तो रोज संध्याकाळी तीनच तास असे, पण हिंदी होता. तोवर हमालनगरातून फारशी मागणी नव्हती. आता ती एकदम आली. तिथे बहुतेक कृष्णधवल संच, बारा आकड्यांची कटकट वाजणारी चकती असलेले. शेजारशेजारच्या दोन आकड्यांवर वाहिन्या दिल्या तर एकीची सावली दुसरीवर पडे, म्हणून सहा-सात वाहिन्यांच्या पुढे काही जात नसे. वर्धकाला वीज ज्या घरातून घ्यायची त्या घराला जोडणी फुकट, ज्या गच्चीवरून तार गेली तिथे अर्ध्या पैशांत, असे करार तोंडी होत आणि पाळले जात.

मराठी मात्र या सगळ्यात नव्हती. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ ची, अल्फा मराठी १५ ऑगस्ट १९९९ ची. मधली पोकळी केबलवाल्याच्या स्वतःच्या वाहिनीने भरली. त्यावर व्हिडिओ कॅसेटवरचे मराठी चित्रपट, भागातल्या गणपतीची मिरवणूक, कुणाच्या लग्नाची कॅसेट, आणि कॅमेऱ्यापुढे धरलेली हाताने लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी : अमक्याचा वाढदिवस, तमक्याची सायकल हरवली. दूरचित्रवाणीच्या अभ्यासकांनी या वाहिन्यांकडे बघितले नाही, कारण त्या कॅसेटांवर दुसऱ्या दिवशी दुसरे काहीतरी भरले जाई. माझ्या मते मराठी उपग्रह वाहिन्यांना पुढे जो तयार प्रेक्षक मिळाला, तो या पुठ्ठ्याच्या पाट्यांनी घडवलेला होता. पडद्यावर आपले गाव, आपली भाषा दिसू शकते हे त्यांनी दाखवून दिले होते.

आता कायद्याकडे येतो. हे सगळे कायदेशीर होते का? छत्रीचा विचार ज्यात नव्हता असे दोन जुने कायदे लागू होते : १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा. १९९३ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने शिव केबल टीव्ही सिस्टिमच्या खटल्यात हा धंदा या कायद्यांच्या कक्षेत येतो आणि त्याला परवाना लागतो, असे धरले. म्हणजे कागदावर आमच्या भागातला प्रत्येक केबलवाला बेकायदा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हीरो करंडकाच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात भांडण जुंपले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल आला : आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. दरम्यान सप्टेंबर १९९४ मध्ये केबल जाळ्यांसाठी वटहुकूम निघाला आणि १९९५ मध्ये त्याचा कायदा झाला. नोंदणी सक्तीची झाली, आणि नोंदणी करायची ती मुख्य टपाल कार्यालयात. दूरदर्शनच्या निदान दोन वाहिन्या दाखवणे बंधनकारक झाले. यंत्रे प्रमाणित असली पाहिजेत आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत, असेही कलम आले. मामांच्या खडूच्या रेषेवरचा धंदा त्या कलमाने हळूहळू संपवला.

या कायद्याने केबलवाल्याची नोंद झाली. तारेवर चढणाऱ्या मुलाची झाली नाही.

हा मुद्दा मला यार्डामुळेच सुचला. १९५०च्या दशकात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यामुळे यार्डातला हमाल, जो पूर्वी मोजणीतही नव्हता, तो नोंदवहीत आला. त्याला हजेरी, ठरलेली हमाली, भविष्य निर्वाह निधी मिळाला. यासाठी पुण्यात किती मोर्चे निघाले ते जुन्या माणसांना विचारा. आणि त्याच हमालाच्या घरावरून तार ओढणारा त्याचाच मुलगा किंवा पुतण्या मात्र पुन्हा तिथेच, नोंदीबाहेर, जाऊन पोहोचला. एक पिढी वहीत आली आणि पुढची पिढी नव्या धंद्याबरोबर वहीतून बाहेर पडली.

१९९३च्या पावसाळ्यात माझ्याबरोबर काम करणारा एक मुलगा ओल्या तारेसकट विजेच्या खांबाला चिकटला. वय अठरा. दोघा हमालांनी बांबूने त्याला सोडवले. जीव वाचला, डावा हात कायमचा अधू झाला. ज्याच्याकडे तो कामाला होता, त्याने दवाखान्याचे पहिले बिल भरले आणि नंतर 'हा आमच्याकडे कामाला नव्हताच' असे सांगितले. ते खोडून काढायला हजेरी नव्हती, पगाराची पावती नव्हती, काहीच नव्हते. त्याचे काका हमाल पंचायतीचे सभासद. पायावर पोते पडले असते तर भरपाई कुठे मागायची हे त्यांना पक्के माहीत होते. पुतण्यासाठी ते तीन कचेऱ्यांत जाऊन आले, आणि तिन्ही ठिकाणी 'हा धंदा आमच्याकडे येत नाही' हेच उत्तर मिळाले. त्यात खोटे काही नव्हते. तो धंदा कुणाकडेच येत नव्हता. तो मुलगा पुढे यार्डातच एका गाळ्यावर वजने लिहायला लागला; उजव्या हाताने लिहितो.

पुढचा इतिहास कागदोपत्री आहे, म्हणून थोडक्यात. १९९५ नंतर दुसऱ्या उपग्रहांवर वाहिन्या आल्या. पॅनॲमसॅट-४ जवळजवळ दक्षिणेला होता, त्यासाठी दुसरी छत्री लागली. मग सांकेतिक वाहिन्या, त्यांचे डबे, त्यांचे करार आले. मोठ्या कंपन्यांनी शहरात एकच केंद्र करून तिथून सगळ्यांना तार दिली, आणि गल्लीतला केबलवाला त्यांचा वसुलीदार झाला. एशियासॅट-१च्या जागी १९९९ मध्ये नवा उपग्रह गेला. २००३ पासून घरोघरी लहान डिश सुरू झाल्या, म्हणजे अमेरिकी पद्धत आपल्याकडे उशिरा आली. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात पुणे होते. त्याची मुदत ३१ मार्च २०१३. गाळ्यांवरच्या छत्र्या त्याच्या कितीतरी आधीपासून नुसत्या उभ्या होत्या. कुणी त्यावर गोणपाट वाळत घातले, कुणी कारल्याचा वेल चढवला.

अशा तीन छत्र्या २०१३च्या उन्हाळ्यात एका रांगेतून उतरवल्या गेल्या. त्यांतली एक मामांच्या शेडमधली, सुतळीची परीक्षा मी स्वतः केलेली. भंगारवाल्याने टेंपो भुईकाट्यावर नेला. ती काट्याची पावती मी त्याच्याकडून मागून घेतली. गाडी क्रमांक, भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ ५४० किलो. 'माल' या रकान्यात लिहिले आहे : लोखंडी जाळी, मोडीत.